भायखळ्याचा गाळा आणि शीळफाट्याची पाटी

भवानी झाली असेल तर बसा निवांत. झाली नसेल तर गिऱ्हाईक बघत बघत ऐका.

आज आम्ही एका आमदाराची गोष्ट सांगणार आहोत. निवडणूक आली की फाट्यावर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उमेदवार येतो, हात जोडतो, आपल्या पाटीतली मेथीची जुडी उचलून फोटो काढतो आणि म्हणतो, "ताई, मीही तुमच्यातलाच. आमचाही छोटा धंदा होता." कुणाची पानटपरी असते, कुणाचा केबलचा धंदा, कुणाची रिक्षा. मागच्या वेळी एकानं असंच म्हटल्यावर आमच्या गटातल्या एका मावशींनी विचारलं, "होता ना? मग पुढं?" त्या माणसाला उत्तर सुचलं नाही. तो हसला आणि पुढच्या पाटीकडे गेला.

मावशींचा तो प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. धंद्यातून वर गेलेला माणूस नेमका कसा वर जातो? आणि वर गेल्यावर खाली बसलेल्यांच्या पदरात काय पडतं? असल्या प्रश्नाला भाषणानं उत्तर मिळत नाही. एखादी कारकीर्द पहिल्यापासून शेवटापर्यंत उलगडून बघावी लागते.

आपल्या ठाण्यातलंच उदाहरण घ्यायचं तर एकनाथ शिंदे आहेत. साताऱ्याकडचं दरे गाव, पोटासाठी ठाण्याला आलेलं घर, काही काळ रिक्षा चालवली, शाखेचं काम केलं, १९९७ मध्ये नगरसेवक, २००४ मध्ये आमदार आणि ३० जून २०२२ ला मुख्यमंत्री. ही गोष्ट आपल्या भागात घरोघरी पाठ आहे. म्हणून आम्ही दुसरी निवडली. त्या गोष्टीतला धंदा आपलाच आहे, भाजीचा, आणि ती इतकी लांब पसरली आहे की तिच्यात चढ, उतार, परत चढ सगळं बघायला मिळतं. ही गोष्ट आहे छगन भुजबळांची.

आधी बाजार समजून घेऊ. आज आपण पहाटे महापेच्या रस्त्यानं वाशीच्या बाजारात जातो. टेम्पोत चौघी-पाचजणी मिळून भाडं वाटून घेतो, कांदा एका ठिकाणी, पालेभाजी दुसऱ्या ठिकाणी, आणि उजाडायच्या आत परत फाट्यावर. आपल्या मुलींना वाटतं वाशीचा बाजार कायमचाच तिथे आहे. तसं नाही. घाऊक भाजीचा बाजार आधी मुंबईत होता, भायखळ्याला. कांदा-बटाटा त्याच्याआधी नवी मुंबईत गेला आणि भाजी व फळं १९९६ च्या सुमारास. आमच्या सासवांच्या वयाच्या बायांना अजून आठवतं, की भाजी आणायची तर लोकल पकडून भायखळ्याला उतरायचं आणि गोणी डब्यात चढवायची. म्हणजे भुजबळ ज्या बाजारात वाढले तो बाजार आणि आपण आज माल उचलतो तो बाजार हे एकाच घरातले म्हणायचे. पत्ता बदलला इतकंच.

छगन भुजबळांचा जन्म १५ ऑक्टोबर १९४७ चा, देश स्वतंत्र झाल्यानंतर दोनच महिन्यांनी. घर माळी समाजाचं. आईवडिलांचं छत्र लहानपणीच गेलं. आईच्या मावशीनं भावंडांना माझगावात वाढवलं, आणि पोट भरायचं साधन होतं भायखळ्याच्या बाजारातला भाजीचा धंदा. पोरानं शाळा केली, बाजारही केला. पुढे व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनीअरिंगचा डिप्लोमा घेतला. त्या काळात असा डिप्लोमा हातात असला की कारखान्यातली कायम नोकरी मिळायची. ते वळले राजकारणाकडे.

इथे जरा थांबू. त्या मावशीआजीकडे बघू. अनाथ पोरं पदराखाली घेणारी, त्यांना धंद्याला लावणारी आणि शाळेतही धाडणारी बाई प्रत्येक बाजारात असते. शीळफाट्यावरही आहे, आणि आत्ता हे ऐकत बसली असेल. इतिहासात पोराची कारकीर्द येते. त्या कारकिर्दीचं भांडवल ज्या बाईनं उभं केलं, तिच्या वाट्याला एक ओळ येते.

भाजीच्या धंद्यात माणूस काय शिकतो हे तुम्हाला आम्ही काय सांगणार? सकाळचा भाव दुपारी राहत नाही. चार वाजले की पालक उतरतो, सहा वाजले की वाटा करून द्यावा लागतो. कुणाला उधारी द्यायची, कुणाला नाही, हे तोंड बघून कळायला लागतं. अनोळखी माणसाशी पहिल्या वाक्यात नातं जोडता येतं. कोण भांडायला आलंय, कोण नुसतं घासाघीस करायला, हे ओळखता येतं. आवाज लागतो, हजरजबाबीपणा लागतो, आणि दलालासमोर न दबता उभं राहायची हिंमत लागते. भुजबळांची भाषणं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना त्या आवाजात, त्या टोमण्यांत बाजार ऐकू येतो. म्हणजे राजकारणाचं अर्धं शिक्षण गाळ्यावर होतं, हे खरं.

पण अर्धंच. नुसत्या त्या शिक्षणावर आमदार होता आलं असतं, तर आपल्या फाट्यावरून आत्तापर्यंत डझनभर बाया विधानसभेत गेल्या असत्या.

उरलेलं अर्धं शिक्षण गाळा बंद झाल्यावर होतं. १९ जून १९६६ ला मुंबईत शिवसेना सुरू झाली. गिरणगाव, परळ, लालबाग, माझगाव या भागांतली तरुण मराठी पोरं त्यात गेली, भुजबळही गेले. शाखा म्हणजे काय, तर संध्याकाळी भरणारी जागा. नळाला पाणी नाही, शाखेत जा. पोराला दाखला हवा, शाखेत जा. भांडण झालं, शाखेत जा. तिथे रोज संध्याकाळी बसणारा तरुण पाच वर्षांत वॉर्डातलं प्रत्येक घर ओळखायला लागतो. १९७३ मध्ये भुजबळ मुंबई महापालिकेत नगरसेवक झाले. १९८५ मध्ये महापौर झाले. त्याच वर्षी माझगावातून विधानसभेवर निवडून आले, आणि त्या सभागृहात शिवसेनेचे ते एकटे आमदार होते. एकट्यानं सगळ्या सभागृहाला तोंड द्यायचं म्हणजे काय, हे बाजारात एकटीनं बसणाऱ्या बाईला समजेल. १९८६ मध्ये सीमाप्रश्नाच्या आंदोलनात वेश पालटून ते बेळगावात शिरले आणि तिकडच्या तुरुंगात गेले. ती गोष्ट त्या वेळी महाराष्ट्रभर झाली.

आता आपला हिशेब करू. संध्याकाळी सहा ते दहा. शाखेची ती वेळ, आणि आपली? आपली ती शेवटचा वाटा विकायची, मग पाणी भरायची, मग चूल पेटवायची, मग पोरांचा अभ्यास आणि सासूची गोळी बघायची. पुरुषाचा गाळा बंद झाला की तो मोकळा होतो. बाईचा गाळा बंद झाला की तिची दुसरी पाळी सुरू होते. भाजीवाला आणि भाजीवाली यांच्या कारकिर्दीत जो फरक पडतो तो या चार तासांत पडतो. आम्ही गटात बसून मोजलं, तेव्हा आमच्यातल्या बहुतेकींकडे आठवड्यात सलग दोन तासही स्वतःचे निघाले नाहीत.

पुढे जाऊ. १९९० साली दोन गोष्टी घडल्या. राज्यात शिवसेना-भाजप युती पहिल्यांदा मोठा विरोधी पक्ष म्हणून उभी राहिली. भुजबळ पुन्हा निवडून आले, पण विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशींकडे गेलं. आणि दिल्लीत ७ ऑगस्टला पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी मंडल आयोगाची शिफारस लागू करायचं जाहीर केलं, म्हणजे केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के राखीव जागा. शिवसेनेचा याला विरोध होता. भुजबळ स्वतः माळी समाजाचे, मंडलच्या बाजूचे. १९९१ च्या डिसेंबरात, नागपूरला अधिवेशन चालू असताना, काही आमदारांना घेऊन त्यांनी शिवसेना सोडली आणि काँग्रेसमध्ये गेले. शिवसेना सोडणं त्या काळात जिवावरचं काम होतं. कुणी म्हणतं, पद न मिळाल्याचा राग होता. कुणी म्हणतं, मंडलचा प्रश्न होता. आम्हाला वाटतं माणसाच्या मनात दोन्ही एकाच वेळी असू शकतं. आपणही दलाल बदलतो, तेव्हा एक कारण भावाचं असतं आणि दुसरं अपमानाचं.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९९५ च्या निवडणुकीत ज्या माझगावानं त्यांना आमदार केलं होतं, त्याच माझगावानं पाडलं. शिवसेनेचे बाळा नांदगावकर तिथून निवडून आले. भुजबळ मग विधान परिषदेत गेले आणि तिथे विरोधी पक्षनेते झाले. १९९७ च्या जुलैत त्यांच्या बंगल्यावर हल्ला झाला, तोही सोसला.

आता तुम्ही म्हणाल, मंडल, काँग्रेस, शिवसेना, यात शीळफाट्याचं काय? आहे, बाई, बरंच आहे. १९९२ मध्ये संसदेनं घटनेत ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती केली आणि १९९३ पासून गावागावात, शहराशहरात निवडून आलेल्या जागांपैकी एक तृतीयांश जागा बायांच्या झाल्या. त्याच्या पाठोपाठ महाराष्ट्रानं १९९४ मध्ये या संस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा दिल्या. हे दोन कायदे एकमेकांत गुंफले गेले. आपल्या भागात आगरी, माळी, कुंभार, साळी, शिंपी, किती घरं या वर्गात येतात ते मोजा. या दोन कायद्यांच्या आधी अशा घरातली बाई ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकेत जाणं हा अपवाद होता. नंतर तो नियम होत गेला. २०११ मध्ये राज्यानं बायांच्या जागा निम्म्या केल्या.

याचं श्रेय एकट्या भुजबळांचं नाही. मंडलच्या मागं कितीतरी माणसं, कितीतरी संघटना होत्या, दिल्लीत आणि गावोगाव. पण महाराष्ट्रात हा प्रश्न घेऊन ज्यांनी पक्ष सोडला, समता परिषद उभी केली आणि तीस वर्षं तोच सूर लावून धरला, त्यांत त्यांचं नाव पुढं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्थानिक संस्थांतलं हे आरक्षण थांबवलं आणि २०२२ च्या जुलैत आयोगाचा अहवाल आल्यावर परत मोकळं केलं, तेव्हाही ते त्या लढ्यात होते. २०२३ पासून मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याच्या प्रश्नावर त्यांनी जी बाजू घेतली, तिच्यावरून राज्य ढवळून निघालं. आमच्या गटात दोन्ही बाजूंच्या घरांतल्या बाया आहेत, एकाच चटईवर बसतात. तो वाद आज इथे उकरणार नाही. आपल्याला बघायचंय ते एवढंच, की भाजीच्या गाळ्यावरून गेलेल्या माणसाच्या एका निर्णयाचा धागा फिरत फिरत आपल्या वॉर्डापर्यंत आला.

मग सत्तेचा काळ. १९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली, भुजबळ तिचे राज्यातले पहिले अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. ज्या शिवसेनेत घडले, तिच्या प्रमुखांवरच्या जुन्या खटल्याला २००० साली त्यांच्याच खात्यानं परवानगी दिली. जुलैत बाळासाहेब ठाकऱ्यांना अटक झाली आणि मुदत उलटून गेल्यामुळे न्यायालयानं तो खटला त्याच दिवशी निकाली काढला. डिसेंबर २००३ मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या कार्यालयावर हल्ला झाल्यानंतर भुजबळांनी पद सोडलं. २००४ मध्ये मुंबई सोडून नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यातून उभे राहिले आणि तेव्हापासून २००९, २०१४, २०१९, २०२४, सगळ्या विधानसभा तिथूनच जिंकले. डिसेंबर २००८ ते नोव्हेंबर २०१० परत उपमुख्यमंत्री. बांधकाम खातंही बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं.

आणि मग तुरुंग. मार्च २०१६ मध्ये सक्तवसुली संचालनालयानं त्यांना अटक केली. दोन वर्षांहून जास्त काळ आत राहून मे २०१८ मध्ये उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. सप्टेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयानं महाराष्ट्र सदनाच्या प्रकरणात त्यांना दोषमुक्त केलं. आम्ही न्यायाधीश नाही, म्हणून कोर्टात जे झालं तेवढंच सांगतो. पण एक गोष्ट आमच्या मनात येतेच. गाळ्यावरचा माणूस आपल्या पैशाचा हिशेब पैनपै ठेवतो, कारण संध्याकाळी घरी दाखवायचा असतो. खात्याचा मंत्री झाला की हिशेब लोकांच्या पैशाचा असतो आणि तो दाखवायची संध्याकाळ पाच वर्षांनी येते. म्हणून धंद्यातून आला म्हणजे हिशेबाचा पक्का, असं डोळे मिटून धरू नये. हिशेब मागत राहावं, कुणीही असो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ते परत मंत्री झाले, अन्न व नागरी पुरवठा खात्याचे. आणि इथे त्यांची गोष्ट परत बाजारात येते. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भाताची मूद. किंमत १० रुपये. शहरात एका थाळीमागं सरकार ४० रुपये देणार, गावात २५. टाळेबंदी लागली तेव्हा थाळी ५ रुपयांची झाली, आणि २०२१ च्या एप्रिलपासून काही काळ फुकट. ज्यांचा रोजचा धंदा बुडाला होता त्यांच्या पोटात त्या दिवसांत ही थाळी गेली. हमाल, रिक्षावाले, नाक्यावरचे मजूर आणि आपल्यासारख्या पाटीवाल्याही.

या योजनेत केंद्र चालवायला खानावळी, उपाहारगृहं आणि बायांचे बचतगट यांना घेतलं गेलं. म्हणजे बाईच्या हातचा स्वयंपाक सरकारी हिशेबात धंदा म्हणून लागला. ही मोठी गोष्ट होती. पण पुढचंही सांगायला हवं. २०२५ मध्ये राज्यभरातून केंद्रचालकांच्या तक्रारी आल्या, की बिलं महिनोन्‌महिने मिळत नाहीत. किराणावाला उधार थांबवतो, गॅसवाला थांबवत नाही. मोठा ठेकेदार सहा महिने थांबू शकतो, बचतगट सहा आठवडेही थांबू शकत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात भुजबळ परत त्याच खात्याचे मंत्री झाले. योजना काढणारा माणूस आपल्यातला असला तरी पैसे वेळेवर पोचवणारी व्यवस्था तशीच राहिली, तर बचतगटाच्या चुलीला फरक पडत नाही.

बाजारातून सत्तेत जाणं ही काही आजची गोष्ट नाही. जोतीराव फुल्यांचं घराणं फुलांच्या धंद्यातलं, आडनाव त्यावरूनच पडलं. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत, आणि १८७६ पासून काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. तिथे त्यांनी लाटसाहेबांच्या स्वागतावर लोकांचा पैसा उधळायला विरोध केला. धंद्यातल्या माणसानं सभागृहात कसं वागावं याचा तो नमुना आहे.

आणि बाई? परदेशातलं एक उदाहरण बघा. इंग्लंडात ग्रँथम नावाच्या गावात आल्फ्रेड रॉबर्ट्‌स नावाचे किराणा दुकानदार होते. घर दुकानाच्या वरच. त्यांची मुलगी मार्गारेट थॅचर १९७९ मध्ये त्या देशाची पहिली महिला पंतप्रधान झाली. तिची धोरणं कुणाला पटली, कुणाला अजिबात नाही, खाणकामगारांना तर नाहीच. पण तिची वाट बघा. बाप दुकानदार होता तसा गावच्या नगरपालिकेतही होता, पुढे महापौर झाला. मुलगी ऑक्सफर्डला शिकली. नवरा सधन व्यावसायिक होता. घरातलं राजकारण, शिक्षण आणि हातात मोकळा वेळ, हे तिन्ही मिळालं तेव्हा दुकानदाराची लेक तिथवर गेली.

आता आपल्या दारात या. शीळफाटा ज्या मतदारसंघात येतो तो कल्याण ग्रामीण. मतदारसंघांची नवी आखणी झाल्यावर २००९ मध्ये इथे पहिली निवडणूक झाली. तेव्हापासून चार निवडणुका झाल्या : २००९ ला रमेश पाटील, २०१४ ला सुभाष भोईर, २०१९ ला राजू पाटील, २०२४ ला राजेश मोरे. चार वेळा चार वेगळे आमदार, आणि चारही पुरुष. शेजारच्या कल्याण पूर्वमध्ये २०२४ ला सुलभा गायकवाड निवडून आल्या, तेवढाच दिलासा. २०१९ च्या विधानसभेत २८८ पैकी बाया होत्या २४. महापालिकेत निम्म्या जागा आपल्या, आणि विधानसभेत दहातली एकही धड नाही. मधली शिडी कुठे तुटते ते यावरून दिसतं. २०२३ मध्ये संसदेनं लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायांना द्यायची घटनादुरुस्ती केली आहे. पण ती जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ फेररचनेशी बांधलेली आहे. म्हणजे ताट वाढलंय, जेवायला बसायची वेळ पुढं आहे.

तोवर काय करायचं? भुजबळांच्या गोष्टीतून आम्ही एक घेतलं. ते थेट विधानसभेत गेले नाहीत. आधी वॉर्ड, मग महापालिका, मग विधानसभा. आणि वॉर्डाच्याही आधी शाखा. आपल्याला शाखेसारखी जागा हवी, जिथे बाई पाटीसकट बसू शकेल. ती जागा कायद्यानं दिलेली आहे, आपण वापरत नाही.

२०१४ मध्ये संसदेनं पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांच्या रोजीचं रक्षण करणारा कायदा. त्यात प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी असं आहे. आयुक्त अध्यक्ष, आणि निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी विक्रेत्यांतून निवडून दिलेले. त्यांत एक तृतीयांश बाया. विक्रेत्यांची पाहणी निदान पाच वर्षांतून एकदा झाली पाहिजे, आणि पाहणी होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. उठवायचं किंवा जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस. माल उचलला तर उचललेल्या वस्तूंची यादी हातात द्यायची. आणि नाशिवंत माल, म्हणजे आपली भाजी, मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायची.

हे शेवटचं वाक्य पाठ करा. आमच्यातल्या एकीची दोन हजारांची भाजी एकदा गाडीत गेली. ती दुसऱ्या दिवशी सोडवायला गेली तर शेपू आणि लाल माठ कुजलेला होता. दंड भरला तो वेगळाच. तिला त्या दिवशी हे वाक्य ठाऊक असतं, तर ती त्याच दुपारी अर्ज घेऊन उभी राहिली असती, आणि तिच्याबरोबर आम्ही दहाजणी.

आमचं म्हणणं असं आहे. ज्या बाईला या समितीची निवडणूक लढवता येते, ती उद्या वॉर्डाची लढवू शकते. मतदार ओळखीचे, प्रश्न रोजचे, आणि भाषण म्हणजे आपलं गिऱ्हाइकाशी बोलणंच. फक्त ते संध्याकाळचे चार तास तिला कुणीतरी मोकळे करून द्यायला हवेत. नवऱ्यानं एक दिवस चूल बघावी, सुनेनं एक दिवस, शेजारणीनं एक दिवस पाटी सांभाळावी. भुजबळांना वाढवणाऱ्या त्या मावशीआजीनं जे केलं, ते आपण एकमेकींसाठी करायचं आहे. तिनं पोरासाठी केलं. आपण पोरींसाठी आणि स्वतःसाठीही करू.

आणि पुढच्या निवडणुकीत कुणी पाटीतली जुडी उचलून "मीही तुमच्यातलाच" म्हणाला, तर रागावू नका. खरंही असेल. पण त्याला विचारा, आमच्या शहरात पथविक्रेता समितीची बैठक शेवटची कधी झाली? पाहणीत आमची नावं आहेत का? बचतगटांची बिलं किती महिन्यांची थकली आहेत? तुमच्या पक्षानं विधानसभेला किती बायांना तिकीट दिलं? उत्तर देता आलं तर तो आपल्यातला. नाही आलं तर जुडी परत ठेवायला सांगा, आणि फोटोचे नाही तरी जुडीचे पैसे मागा.

त्या मावशी आत्ता इथे बसल्यात आमच्यासोबत. त्या म्हणतायत, "मेथीचा भाव पंधरा चाललाय, लक्षात ठेवा."

बरंय मैत्रिणींनो, पाऊस सुरू झाला की शेवळं, टाकळा, भारंगी घेऊन डोंगरालगतच्या बाया फाट्यावर येतील. त्यांच्या जागेवरून भांडू नका, त्यांचीही नावं पाहणीत घाला. भेटू पुढच्या खेपेला. नमस्कार.